'पिक अप' नीट वापरायचं कसं: 'अप' गाळू नका आणि 'इट' मधे घाला

गेल्या आठवड्यात एकाच दिवशी मला तीन मेसेज आले. पहिला, 'आय कॉल्ड यू बट यू डिडन्ट पिक.' दुसरा, 'आय विल पिक यू ॲट नाइन.' तिसरा, 'पार्सल इज ॲट गेट, प्लीज पिक अप इट.' तिघंही शिकलेले, तिघंही ऑफिसात दिवसभर इंग्रजीत मेल लिहिणारे. तिघांचीही वाक्यं चुकलेली, आणि मजा म्हणजे मला तिन्ही कळली, म्हणूनच ही चूक सुधारत नाही, कारण आपल्या आपल्यात सगळं चालून जातं आणि मग कधीतरी परदेशातल्या माणसाशी बोलताना फजिती होते. मी स्वतः नोकरीच्या पहिल्या वर्षी बाहेरून आलेल्या एका पाहुण्याला 'आय विल पिक यू टुमॉरो' असं लिहिलं होतं. त्याचं उत्तर आलं, 'पिक मी फॉर व्हॉट?' म्हणजे त्याला वाटलं मी त्याला कशासाठी तरी निवडतोय, टीममध्ये वगैरे. मी तर फक्त हॉटेलवर गाडी घेऊन जाणार होतो.

तर खाली अर्थांची यादी पाठ करायला देत नाहीये. डिक्शनरीत 'पिक अप'चे ढीगभर अर्थ असतात, ते पाठ करून कुणाला काही येत नाही. क्रमाने काय बघायचं ते सांगतो. क्रम मोडू नका, विशेषतः पहिला टप्पा सोडून दुसऱ्यावर उडी मारू नका.

## आधी तयारी

एक वही घ्या, नाहीतर फोनमधलं नोट्स चालेल. आणि तुमचे स्वतःचे मागच्या महिनाभरातले मेसेज उघडून त्यात 'पिक' हा शब्द सर्च करा. खरंच करा हे. जी वाक्यं सापडतील ती आहेत तशी वहीत उतरवा, दुरुस्त न करता. पुढे प्रत्येक टप्प्यानंतर त्याच वाक्यांकडे परत यायचंय. पुस्तकातली उदाहरणं सोडवताना सगळ्यांचं बरोबर येतं, चुका होतात त्या आपल्या घाईत टाइप केलेल्या वाक्यात.

वहीच्या वरच्या बाजूला हे तीन प्रश्न लिहून ठेवा: 'अप' आहे का? कुणाला किंवा कशाला? 'अप'च्या मागून काय येतंय?

एवढंच. याच तीन प्रश्नांवर सगळं चालतं.

## टप्पा १: 'पिक' आणि 'पिक अप' वेगळे करा

आपण मराठी माणसं 'अप' का गाळतो? कारण आपल्याला वाटतं खरा अर्थ 'पिक'मध्येच आहे आणि 'अप' ही वर टाकलेली कोथिंबीर आहे, असली तर बरी, नसली तरी चालेल. पण आपल्याच भाषेत बघा. 'सांगून टाक' म्हटलं तर आपण काही टाकत नाही. 'खाऊन घे' म्हटलं तर हातात काही घेत नाही. 'रडू लागली' यात काही लागलेलं नसतं. ते दुसरं क्रियापद आपला मूळ अर्थ सोडून पहिल्याला वळण देतं, आणि ते काढलं तर वाक्य वेगळंच होतं. इंग्रजीत हे काम 'अप', 'ऑफ', 'आऊट' असले छोटे शब्द करतात. ते काढले की शब्दच बदलतो.

नुसतं 'पिक' म्हणजे निवडणे, तोडणे, वेचणे. 'पिक अ कार्ड' म्हणजे पत्त्यांतलं एक निवड. 'पिक कॉटन' म्हणजे कापूस वेचणे.

फुलांवरून हा फरक पक्का बसतो. 'पिक सम फ्लॉवर्स' म्हणजे झाडावरची फुलं तोडून आण. 'पिक अप सम फ्लॉवर्स' म्हणजे येता येता दादरच्या फूल मार्केटातून घेऊन ये. आणि प्राजक्त? तो आपण झाडावरून तोडत नाही, सकाळी खाली पडलेला सडा वेचतो, म्हणून तिथे 'अप' लागतो, 'पिक देम अप फ्रॉम द ग्राउंड'. मराठीत कापूसही 'वेचायचा' आणि प्राजक्तही 'वेचायचा', पण इंग्रजीत एकाला 'अप' नाही आणि दुसऱ्याला आहे. जमिनीवरून हातात, की झाडावरून हातात, एवढाच फरक.

इशारा: 'ही इज नॉट पिकिंग माय कॉल' हे आपल्याकडे इतकं चालतं की ऐकताना चूक वाटतच नाही. बरोबर रूप सगळ्यात छोटं आहे: 'ही इज नॉट पिकिंग अप.' कॉल, फोन, काही लावायची गरज नाही. लावायचंच असेल तर 'पिक अप द फोन' किंवा 'आन्सर माय कॉल' म्हणा. 'पिक अप माय कॉल' भारतात कळतं, पण बाहेरच्या कानाला जरा खटकतं, कारण उचलला जातो तो फोन, कॉलला उत्तर दिलं जातं.

तपासा: वहीतल्या प्रत्येक वाक्यात 'पिक'च्या जागी 'चूज' टाकून वाचा. अर्थ तोच राहिला, किंवा झाडावरून तोडण्या-वेचण्याचा असेल, तर 'अप' नको. 'आय विल चूज यू ॲट नाइन' असं झालं तर हसा आणि 'अप' लावा.

## टप्पा २: कुणाला, कशाला ते शोधा

'अप' आहे हे ठरलं. आता अर्थ काढायचाय, आणि तो क्रियापदाकडे टक लावून निघत नाही, कर्माकडे बघितलं की निघतो. हा टप्पा मोठा आहे, सावकाश वाचा.

माणूस असेल तर बहुतेक वेळा अर्थ 'घ्यायला येणे'. 'आय विल पिक यू अप ॲट सेव्हन' म्हणजे सातला तुला घ्यायला येतो. पण लहान मूल असेल तर 'उचलून घेणे, कडेवर घेणे' हाही अर्थ होतो, आणि इथेच गंमत होते. माझी मावशी न्यू जर्सीला मुलाकडे गेली होती, एकदा नातीला डेकेअरमधून आणायची पाळी तिच्यावर आली. दारातल्या बाईने विचारलं, 'आर यू हिअर टू पिक हर अप?' मावशीने मान डोलावली, पर्स खांद्यावर सरकवली, पदर खोचला आणि चार वर्षांच्या नातीला उचलून कडेवर घेतलं, कंबर दुखत असताना. ती बाई रजिस्टर आणि पेन पुढे करून उभी, सही करा म्हणून, आणि मावशीचे दोन्ही हात अडकलेले. घरी आल्यावर तिचं म्हणणं एकच, एवढ्या मोठ्या पोरीला उचलायला का सांगतात हे लोक.

म्हणून घ्यायला येण्याच्या अर्थाने लिहिताना वेळ किंवा जागा सोबत द्या, 'फ्रॉम द स्टेशन', 'ॲट सिक्स'. मग गोंधळ राहत नाही.

पोलीस कर्ता असतील तर अर्थ आपल्यासारखाच, 'पोलिसांनी उचलला'. 'द पोलीस पिक्ड हिम अप.' आणि बारमध्ये, पार्टीत कुणी अनोळखी व्यक्तीला 'पिक अप' केलं तर तो पटवण्याचा मामला असतो. नव्या ओळखीच्या बाईला नुसतं 'आय वॉन्ट टू पिक यू अप' असं लिहू नका, जागा आणि वेळ घाला, 'आय कॅन पिक यू अप फ्रॉम द एअरपोर्ट' असं साधं लिहा.

वस्तू असेल तर तीन शक्यता. एक, खाली पडलेलं उचलणे. दोन, कुठेतरी तयार ठेवलेली आपली वस्तू घेऊन येणे, म्हणजे इस्त्रीचे कपडे, पार्सल, लॅबमधले रिपोर्ट. तीन, जाता येता विकत घेणे, 'पिक अप सम मिल्क ऑन द वे'. या तिसऱ्या अर्थात एक सहजपणा असतो. दूध, ब्रेड, कोथिंबीर 'पिक अप' करतात. मुद्दाम चार दुकानं हिंडून, घासाघीस करून लग्नाचा शालू घेतला तर तो 'पिक अप' केला म्हणणं बरं दिसत नाही, तिथे 'बाय' म्हणा. स्वस्तात मिळालेली वस्तू मात्र 'पिक अप' होते, रस्त्यावर जुनं पुस्तक पन्नास रुपयांत मिळालं तर 'आय पिक्ड इट अप फॉर फिफ्टी रुपीज' अगदी चपखल.

भाषा, शब्द, सवय असेल तर अर्थ 'शिकवणी न लावता, बघून ऐकून शिकणे'. सोलापूरकडची पोरं गल्लीत खेळता खेळता कन्नड आणि तेलुगू बोलायला लागतात, ते 'पिक अप' करणं. मराठीतही आपण म्हणतोच की, पोरं लगेच उचलतात, शिव्या तर आधी. इथे एक चूक मुलाखतीत फार ऐकू येते: 'आय पिक्ड अप माय एमकॉम फ्रॉम पुणे.' डिग्री अशी येता जाता उचलता येत नाही, ती 'डिड' किंवा 'कम्प्लिटेड' करायची. उलट 'आय पिक्ड अप बेसिक एक्सेल ॲट माय फर्स्ट जॉब' हे छान वाक्य आहे, रेझ्युमेवर नाही तरी बोलताना नक्की वापरा.

आजार असेल तर तो लागट हवा. सर्दी, पोटाचं इन्फेक्शन 'पिक अप' होतं, कुठून तरी घेऊन आलो अशा अर्थाने. 'आय पिक्ड अप अ कोल्ड ऑन द ट्रेन' बरोबर. डायबिटीस, बीपी, मोतीबिंदू 'पिक अप' होत नाही, कारण ते कुणाकडून लागत नाही.

सिग्नल, आवाज, वास असेल तर अर्थ 'पकडणे'. माइक पंख्याचा आवाज 'पिक अप' करतो, कुत्रा वास 'पिक अप' करतो. इलेक्ट्रिक गिटारला तारांखाली जो पट्टीसारखा भाग असतो त्याला 'पिकअप'च म्हणतात, तारेची थरथर तो पकडतो म्हणून.

उरलेले पटकन: बिल असेल तर सगळ्यांचे पैसे भरणे. 'स्पीड' असेल तर वेग घेणे. 'शिफ्ट' असेल तर जास्तीची किंवा दुसऱ्याच्या वाट्याची शिफ्ट करणे, बाहेर शिकायला गेलेल्या आणि पार्टटाइम काम करणाऱ्या मुलांना हा अर्थ पहिल्याच आठवड्यात कळतो.

तपासा: वाक्यातलं कर्म अधोरेखित करा. करता येत नसेल, म्हणजे कर्मच नसेल, तर पुढच्या टप्प्यावर जा. 'इट' असेल तर आधीच्या वाक्यात जाऊन तो 'इट' म्हणजे काय ते बघा, नाहीतर अर्थ हवेत राहतो.

## टप्पा ३: कर्मच नसेल तर

इथे आपली मराठी कामी येते. 'धंद्याने उचल खाल्ली', 'वाऱ्याने जोर धरला', यातलंच हे 'पिक अप'. 'बिझनेस इज पिकिंग अप', 'द विंड पिक्ड अप', 'सेल्स पिक्ड अप बिफोर दिवाळी'. मंद होतं, आता जोर आला.

धंदा, तब्येत, बाजारभाव याबद्दल बोलताना त्यात 'बरं झालं' असा सूर असतो, हे लक्षात ठेवा. लासलगावच्या बाजारात कांद्याचा भाव पडला होता आणि मग चढला, तर शेतकरी म्हणेल 'प्राइसेस हॅव पिक्ड अप'. त्याच दिवशी मुंबईत पिशवी घेऊन भाजीवाल्यासमोर उभी असलेली बाई म्हणेल 'प्राइसेस हॅव शॉट अप'. भाव तोच, कुणाच्या बाजूने बोलताय ते क्रियापद सांगतं.

मोठा इशारा, हा नीट वाचा: मराठीत 'आजाराने पुन्हा उचल खाल्ली' म्हणजे आजार वाढला. इंग्रजीत पेशंट 'पिक्ड अप' म्हणजे पेशंट सुधारला. बरोबर उलटं! बाहेरगावच्या डॉक्टरला फोनवर वडिलांची तब्येत सांगताना 'ही हॅज पिक्ड अप अगेन' असं बोललात तर तो म्हणेल, व्हेरी गुड. आजार उसळला असं सांगायचं असेल तर 'फ्लेअर्ड अप' म्हणा, नाहीतर सरळ 'इट हॅज गॉट वर्स'. अशा वेळी अलंकार नकोत.

फोनवालं 'पिक अप'ही कर्माशिवाय चालतं ते वर आलंच आहे.

## टप्पा ४: 'इट', 'हिम', 'देम' कुठे बसवायचं

हा सगळ्यात सोपा नियम आणि सगळ्यात जास्त मोडला जाणारा.

कर्म नाम असेल तर दोन्हीकडे चालतं: 'पिक अप द पार्सल', 'पिक द पार्सल अप'. कर्म सर्वनाम असेल तर ते फक्त मधे: 'पिक इट अप', 'पिक हिम अप', 'पिक देम अप', 'पिक मी अप'. 'पिक अप इट' कधीच नाही, घाईत नाही, व्हॉट्सॲपवर नाही, कुठेच नाही.

मग नाम लांबलचक असलं तर? 'पिक द पार्सल दॅट केम फ्रॉम नागपूर यस्टरडे अप' असं केलंत तर 'अप' येईपर्यंत ऐकणाऱ्याचा जीव जाईल. लांब कर्म नेहमी 'अप'च्या मागे टाका: 'पिक अप द पार्सल दॅट केम फ्रॉम नागपूर यस्टरडे.' छोटं असेल तर मधे, लांब असेल तर मागे, सर्वनाम असेल तर मधेच. नावं दोन्हीकडे चालतात, पण दोन तीन नावं एकदम असतील तर मागेच बरी.

याची सवय तोंडाने लागते, वाचून नाही. 'पिक इट अप' हे तीन शब्द बोलताना चिकटतात, 'पिकिटप' असं काहीसं ऐकू येतं. ते एकच शब्द असल्यासारखं दहादा म्हणा. 'पिकिमप', 'पिकरप', 'पिकेमप'. शेजारचे बघतील, बघू देत. एकदा जीभ वळली की 'पिक अप इट' तोंडातून निघतच नाही.

तपासा: वहीतल्या वाक्यांमध्ये 'अप' नंतर लगेच 'इट', 'हिम', 'हर', 'देम', 'मी', 'यू', 'अस' यांपैकी काही कर्म म्हणून आलंय का? आलं असेल तर ओढून मधे आणा. 'हर' जरा फसवं आहे. 'पिक अप हर बॅग' बरोबर, कारण तिथे कर्म बॅग आहे.

## टप्पा ५: 'अप'च्या मागून काय येतं

'अप'च्या मागे आणखी एक छोटा शब्द लागला की अर्थ पुन्हा वळतो. फार नाहीत, चार लक्षात ठेवा.

'पिक अप ऑन' म्हणजे बारीकशी गोष्ट लक्षात येणे. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत पण भांडी जरा जोरात ठेवली आणि सुनेला कळलं, तर सून 'पिक्ड अप ऑन इट'. मीटिंगमध्ये कुणाच्या मुद्द्याचा धागा पुढे न्यायचा असेल तरी हेच वापरतात. आणि इथे टप्पा चारचा नियम लागू होत नाही, 'इट' मागेच राहतो: 'पिक अप ऑन इट'.

'पिक समवन अप ऑन समथिंग' म्हणजे एखाद्याला त्याच्या चुकीवरून टोकणे. 'माय बॉस पिक्ड मी अप ऑन माय स्पेलिंग.' हे ब्रिटिश वळणाचं. वरच्यात माणूस मधे नव्हता, यात आहे, तेवढ्याने अर्थ बदलला.

'पिक अप आफ्टर' म्हणजे दुसऱ्याने केलेला पसारा आवरत फिरणे. 'आय ॲम टायर्ड ऑफ पिकिंग अप आफ्टर यू', हे जगातल्या सगळ्या आया म्हणतात, आपल्याकडे 'मी काय मोलकरीण आहे का' या शब्दांत.

'पिक अप व्हेअर वी लेफ्ट ऑफ' म्हणजे जिथे थांबलो होतो तिथून पुढे सुरू करणे. क्लासमध्ये, मीटिंगमध्ये, दहा वर्षांनी भेटलेल्या मित्राशी, सगळीकडे चालतं. लोक यातलं शेवटचं 'ऑफ' गाळतात, गाळू नका.

## टप्पा ६: 'उचल'ची चाचणी

आता उलटा प्रवास. मनात मराठीत 'उचल' आलं की हात आपोआप 'पिक अप'कडे जातो. फोन उचल, पेन उचल, कचरा उचल, पोलिसांनी उचलला, हॉटेलचा खर्च त्याने उचलला, इथपर्यंत दोन्ही भाषा हातात हात घालून चालतात. त्यामुळे आपल्याला भरवसा वाटतो आणि पुढच्या वळणावर आपण आपटतो. कारण मराठीत 'उचलणे' फार लांबपर्यंत पसरलेलं आहे.

ताटं उचल, म्हणजे जेवण झाल्यावर. इथे 'पिक अप द प्लेट्स' म्हटलं तर ऐकणारा एकेक प्लेट हातात घेऊन उभा राहील, पुढे काय म्हणून. 'क्लिअर द प्लेट्स' किंवा 'क्लिअर द टेबल' म्हणा. अंथरूण उचल, तेही तसंच, 'पुट द बेडिंग अवे'. पाऊल उचलणे 'टेक अ स्टेप'. मुद्दा उचलला 'रेज्ड ॲन इश्यू'. कर्ज उचललं 'टुक अ लोन'. बायकोवर हात उचलला, याला 'पिक्ड अप हिज हँड' म्हणाल तर कुणाला काही कळणार नाही, सरळ 'हिट' म्हणा, तसंही ती गोष्ट झाकून सांगण्यासारखी नाही.

आणि 'उचल' हे नाम. ऊसतोड मजूर हंगामाआधी मुकादमाकडून जी उचल घेतात ती 'ॲडव्हान्स' असते, इंग्रजीत तिचा 'पिक अप'शी काडीचा संबंध नाही. ऑफिसात पगारातून उचल घेतली तरी 'टुक ॲन ॲडव्हान्स'.

वजन उचलण्याचं थोडं वेगळं आहे. जड आहे, ताकद लागते, असं सांगायचं असेल तर 'लिफ्ट'. जिममध्ये 'लिफ्ट वेट्स'. खालून हातात घेतलं एवढंच सांगायचं असेल तर 'पिक अप'. सिलिंडर हलतोय का विचारायचं असेल तर 'कॅन यू लिफ्ट इट?', पेन पडलं असेल तर 'कॅन यू पिक इट अप?' दोघांची अदलाबदल केली तर अगदीच चूक होते असं नाही, पण पेनाला 'लिफ्ट' म्हटलं की पेन वीस किलोचं वाटतं.

तपासा: मराठी वाक्यात 'उचल'च्या जागी 'हातात घे' टाका. अर्थ टिकला तर 'पिक अप' चालेल. 'पाऊल हातात घे', 'कर्ज हातात घे', असलं काही झालं तर थांबा आणि दुसरं क्रियापद शोधा. ही चाचणी शंभर टक्के नाही, पोलीस आणि बिल यात ती फसते, पण चुका मात्र बऱ्याच अडवते.

## टप्पा ७: लिहिताना आणि बोलताना

क्रियापद असेल तर दोन शब्द, मधे जागा. नाम असेल तर एकच शब्द किंवा मधे छोटी रेघ. 'आय विल पिक यू अप' यात वेगळे, 'द पिकअप इज ॲट सेव्हन' यात जोडून. बोलताना क्रियापदात जोर 'अप'वर, नामात जोर 'पिक'वर. भूतकाळाचा उच्चार 'पिकेड' नाही, 'पिक्ट', आणि पुढे 'अप' आला की 'पिक्टप'.

आपल्याकडे 'पिकअप' नाम म्हणून जोरात चालतं: मालाची गाडी, 'कॅबचा पिकअप कुठून?', आणि 'गाडीला पिकअप नाही'. शेवटचं गॅरेजवाल्याला सांगताना बिनधास्त वापरा, त्याला 'ॲक्सिलरेशन' म्हटलं तर तो तुमच्याकडे बघत बसेल. परदेशात मात्र 'ॲक्सिलरेशन'च म्हणा, कारण तिथे 'पिकअप' म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर आधी मागे उघडा हौदा असलेली गाडी येते.

'पिक अँड ड्रॉप' असं जे शाळेच्या व्हॅनवर लिहिलेलं असतं त्यातही 'अप' गळलेलाच आहे. सोडण्यासाठीही 'ड्रॉप ऑफ' म्हणायची सवय लावा. 'आय विल ड्रॉप यू' आपल्यात चालतं, पण त्याचा दुसरा अर्थ 'टाकून देणे', 'टीममधून काढणे' असाही होतो.

## टप्पा ८: सराव

उत्तरं लगेच खाली आहेत, हाताने झाका. आधी मराठी वाचा, इंग्रजी मोठ्याने म्हणा, मग हात काढा.

1. फोन उचल ना, तीनदा केला.
2. येताना कोथिंबीर घेऊन ये.
3. बागेतली थोडी फुलं तोड.
4. तिला शाळेतून कोण आणणार आहे?
5. गुडघेदुखीने परत उचल खाल्लीये.
6. रिपोर्ट तयार आहेत, मी ते उद्या घेऊन येतो.
7. त्याने पगारातून उचल घेतली.
8. जेवणं झाली, ताटं उचला.

उत्तरं:

1. 'पिक अप! आय हॅव कॉल्ड यू थ्री टाइम्स.' 'द फोन' लावलंत तरी चालेल, 'अप' मात्र हवाच.
2. 'पिक अप सम कोरिअँडर ऑन युअर वे होम.'
3. 'पिक सम फ्लॉवर्स फ्रॉम द गार्डन.' इथे 'अप' लावला असेल तर फुलं बागेतून तोडली गेली नाहीत, कुणीतरी आधीच तोडून ठेवली होती.
4. 'हू इज पिकिंग हर अप फ्रॉम स्कूल?'
5. 'माय नी पेन हॅज फ्लेअर्ड अप अगेन.'
6. 'द रिपोर्ट्स आर रेडी, आय विल पिक देम अप टुमॉरो.'
7. 'ही टुक ॲन ॲडव्हान्स ऑन हिज सॅलरी.'
8. 'डिनर इज ओव्हर, प्लीज क्लिअर द प्लेट्स.'

आता सुरुवातीला वहीत उतरवलेली तुमची वाक्यं काढा आणि लाल पेनाने दुरुस्त करा. आणि चौथ्यात 'पिकिंग अप हर' किंवा सहाव्यात 'पिक अप देम' आलं असेल, तर बाकी सगळं सोडा आणि आजच्या आज टप्पा चारमधलं 'पिकिटप' वीस वेळा म्हणा, मोठ्याने.